लक्ष्या आणि लक्ष्मीकांत

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मला वाटलं, सोसायटीचे पंचवीस वर्षांचे हिशेब लिहायला सांगतील. निवृत्त बँकवाल्याला लोक दुसरं काय सांगणार? पण हिशेब खजिनदारांनी आधीच लिहिले होते आणि ते जुळलेही होते, ही आनंदाची गोष्ट. मला सांगितलं की एखाद्या होऊन गेलेल्या नामवंत माणसाचं चरित्र लिहा, लेकरांना वाचता येईल असं. मी लक्ष्मीकांत बेर्डे हे नाव सांगितलं आणि सगळी मीटिंग हसली. नाव ऐकताच हसले, अजून मी काही बोललोही नव्हतो. म्हणलं, बरोबर आहे, याच माणसावर लिहायचं.

हा लेख खरं तर मी एका मुलाला बारा वर्षांपासून देणं लागतो. ती गोष्ट आधी सांगतो.

जून २०१३ची गोष्ट. ‘झपाटलेला २’ हा महेश कोठारे यांचा सिनेमा ७ जूनला लागला. थ्रीडी होता, म्हणजे चष्मा लावून बघायचा. आपल्या सोसायटीत पहिल्या ‘झपाटलेला’चं काय वेड आहे ते जुन्या सभासदांना सांगायला नको. कोजागिरीला सभागृहाच्या भिंतीवर पांढरी चादर लावून आपण तो किती वेळा दाखवला असेल! १९९३चा सिनेमा, पण २००० नंतर जन्मलेल्या लेकरांनाही तोंडपाठ. तेव्हा दुसरा भाग आल्यावर कोण घरी बसतो? दोन क्रुझर गाड्या ठरवल्या आणि हदगावहून निघालो नांदेडला. पेरण्या व्हायच्या होत्या, शाळा उघडायच्या होत्या, सगळे मोकळेच होते.

ज्यांनी पहिला भाग पाहिला नाही (असे कुणी असतील तर) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तात्या विंचू नावाचा गुंड पोलिसांच्या गोळीने मरता मरता मंत्र म्हणून आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला येतो लक्ष्या बोळके नावाच्या साध्याभोळ्या तरुणाकडे. बाहुला खून करत सुटतो आणि संशय येतो लक्ष्यावर. लक्ष्या जीव तोडून सांगतो की हे बाहुल्याने केलं, पण कोण विश्वास ठेवणार? त्यात महेश कोठारे गुन्हे शाखेचे इन्स्पेक्टर, विजय चव्हाण हवालदार. तपास कमी आणि धावपळ जास्त. बाहुला बनवला होता रामदास पाध्ये यांनी आणि तात्या विंचू झाले होते दिलीप प्रभावळकर. मूळ कल्पना एका अमेरिकन भयपटाची, पण लक्ष्यामुळे ती भीती आपल्या घरची झाली.

दुसऱ्या भागात लक्ष्या नव्हता. त्याच्या मुलाची गोष्ट होती आणि तो मुलगा झाला होता आदिनाथ कोठारे. आपल्या मराठवाडी बोलीचे मकरंद अनासपुरे होते. मधू कांबीकर पुन्हा होत्या. बाहुला पडद्यातून अंगावर यायचा तेव्हा पुढच्या रांगेतली लेकरं खाली वाकायची.

परतीच्या वाटेवर वारंगा फाट्याला खिचडी खायला थांबलो. त्या फाट्यावरून जाऊन खिचडी न खाणारा माणूस आमच्या भागात सापडणार नाही. तिथे बाकड्यांवर बसून सिनेमाची जी तपासणी झाली ती एखाद्या वर्तमानपत्रात छापण्यासारखी होती. लेकरं चष्म्यावर खूश. महिला मंडळाला गाणी बरी वाटली. आपले निवृत्त जमादार पोलिसांच्या तपासावर नाराज होते. पहिल्या भागातला तपास तर याहून अजब होता, असं कुणीतरी त्यांना म्हणालं. त्यावर ते म्हणाले की तेव्हा हसण्याच्या नादात लक्षात आलं नाही, आज सगळ्या चुका दिसल्या. मुख्याध्यापकांनी तांत्रिक बाजूला चांगले गुण दिले. शेवटी किराणा दुकानवाल्या शेजाऱ्यांनी समोरच्या ताटाकडे बघत सांगितलं की सगळं घातलंय, मीठ तेवढं राहिलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

तेवढ्यात आमच्या ओळीतल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं की लक्ष्या या सिनेमात का नाही. कुणीतरी सांगितलं, तो वारला. केव्हा, असं त्याने विचारलं. दहा वर्षं झाली असतील, असं उत्तर मिळालं. पोराचा घास हातातच राहिला. ज्याला तो दर कोजागिरीला बघत होता तो माणूस त्याच्या जन्माच्या आगेमागेच गेलेला होता. मग त्याने विचारलं, कशाने वारला? किती वर्षांचा होता? कुठला होता?

एकालाही धड सांगता आलं नाही. त्याची चाल, त्याचं दचकणं, डोळे फिरवणं, सगळं आम्हाला करून दाखवता येत होतं. पण माणूस कुठला, हे माहीत नव्हतं. मी मुलाला म्हणालो की नंतर सांगेन. तो मुलगा आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर पुढे लिहितो.

एक खुलासा आधी करतो. पडद्यावरचा तो लक्ष्या, त्याला मी अरेतुरेच करणार, दुसरं जमणारच नाही. पण त्याच्यामागे जे गृहस्थ होते त्यांना अहोजाहो. या लेखात दोघं वेगळे ठेवायचा प्रयत्न करतो, कारण आपण प्रेक्षकांनी ते कधी वेगळे ठेवले नाहीत.

लक्ष्मीकांत बेर्डे यांचा जन्म २६ ऑक्टोबर १९५४चा. ते वाढले मुंबईत, गिरगावातल्या कुंभारवाड्यात. घरची परिस्थिती साधारण. घराला हातभार म्हणून लहानपणी त्यांनी लॉटरीची तिकिटं विकली. लोकांना लाखाची स्वप्नं विकायची आणि आपण कमिशनवर राहायचं, असा तो धंदा. गिरगावात गणेशोत्सवाची मोठी परंपरा, आणि मंडळाच्या कार्यक्रमात तोंडाला रंग लागला की तो सहजी उतरत नाही. लक्ष्मीकांतना तो तिथेच लागला. पुढे त्यांनी मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी धरली. संघाचं नाट्यगृह गिरगावातच, केळेवाडीत. तिथे नोकरी करता करता नाटकांतून लहानसहान कामं मिळत गेली. अशी वर्षं गेली. वयाची तिशी जवळ आली तरी हे नाव बाहेर कुणाला माहीत नव्हतं.

इथे थोडं आमच्या पेशाचं सांगतो. अशोक सराफ हे स्टेट बँकेत नोकरीला होते, आणि नोकरी सांभाळून नाटक करत होते. त्यामुळे आम्हा बँकवाल्यांना ते आपले वाटायचे. शाखेत वाद झाला की माझं मत अशोकमामांना. पण घरी आलो की बायको आणि लेकरं लक्ष्याच्या बाजूची. तीनास एक असा कायमचा निकाल.

लक्ष्मीकांतचं नाव झालं ते पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टुरटुर’ या नाटकाने. साल १९८३. नाटक धो धो चाललं. पुढे ‘शांतेचं कार्टं चालू आहे’ हे नाटक आलं आणि त्यानेही गर्दी खेचली. १९८४ला ‘लेक चालली सासरला’ हा सिनेमा मिळाला आणि १९८५ला महेश कोठारे यांचा ‘धूमधडाका’. त्यानंतर रांग लागली. ‘दे दणादण’ १९८७, ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८, ‘थरथराट’ १९८९, ‘धडाकेबाज’ १९९०. बनवाबनवीत साडी नेसून पार्वती झालेला लक्ष्या आजही टीव्हीवर लागला की आपल्या सोसायटीत कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात. हिंदीतही बोलावणं आलं. १९८९ला ‘मैंने प्यार किया’, १९९४ला ‘हम आपके हैं कौन’. तिथेही त्यांना नोकराचं किंवा मित्राचं गमतीचं काम.

त्या काळात हदगावात सिनेमा म्हणजे भाड्याचा व्हीसीआर. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी आणायचा, गल्लीतून वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे बघायचे. दोन हिंदी आणि एक मराठी, असं ठरलेलं असायचं. मराठी सिनेमा शेवटी लावायचा, कारण पहाटे तीन वाजता लोकांना जागं ठेवायचं काम लक्ष्याच करू शकायचा. समोर सतरंजीवर झोपलेली लेकरं त्याचा आवाज आला की उठून बसायची.

त्याच्या विनोदात काय होतं? मी काही समीक्षक नाही, पण कॅश काउंटरवर माणसं बघण्यात आयुष्य गेलं, त्यावरून सांगतो. लक्ष्या भ्यायचा, आणि ती भीती लपवायला जायचा, आणि ती जास्तच दिसायची. ‘दे दणादण’मध्ये तो आणि महेश दोघं पोलिसात. लक्ष्याला अचाट शक्ती मिळते, पण लाल रंग दिसला की ती जाते. आता बघा, खाकी कपड्याला आपण सगळे घाबरतो. पोलीस स्टेशनची पायरी चढायची म्हणलं की भल्याभल्यांचं तोंड सुकतं. तोच खाकी कपडा घातलेला माणूस आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला दिसला की बघणाऱ्याच्या छातीवरचं ओझं उतरतं. ‘झपाटलेला’त तो पोलीस नाही, उलट पोलिसांच्या तावडीत सापडलेला निरपराध माणूस आहे. खरं बोलतो आणि कुणाला पटत नाही. ऑडिटच्या वेळी माझी अशी अवस्था झालेली आहे, म्हणून मला ते फार पटलं.

कोठारे यांच्या सिनेमात बहुतेक वेळा नायकाचं नाव महेश आणि याचं लक्ष्या. म्हणजे पात्राचं नाव तेच आणि नटाचंही तेच. त्यामुळे झालं काय, की पडद्यावरचा लक्ष्या हाच खरा माणूस असं आम्ही धरून चाललो. सदा हसणारा, सदा धडपडणारा, ज्याला कधी घरभाडं भरावं लागत नाही आणि ज्याचं कधी डोकं दुखत नाही असा.

इथे मला दुसरा एक नट आठवतो. बँकेच्या ट्रेनिंगला हैदराबादला गेलो होतो तेव्हा एक इंग्रजी सिनेमा पाहिला, ‘पिंक पँथर’ मालिकेतला. पीटर सेलर्स या ब्रिटिश नटाने त्यात क्लूझो नावाचा फ्रेंच पोलीस इन्स्पेक्टर रंगवला होता. इंग्रजी निम्मं कळलं नाही, पण हसू पूर्ण आलं. हा इन्स्पेक्टर जिथे हात लावेल तिथे काहीतरी फुटणार, आणि चेहरा असा की जणू सगळं ठरवून केलंय. १९६३पासून ती मालिका चालली. १९८०च्या जुलैमध्ये सेलर्स वारले, वय ५४. तरी निर्मात्यांना मालिका सोडवेना. आधीच्या सिनेमांतले कापून टाकलेले तुकडे जोडून १९८२ला त्यांनी आणखी एक भाग काढला. सेलर्स यांच्या पत्नी त्यावरून कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. १९८३ला पुढचा भाग आला, त्यात हरवलेल्या क्लूझोला शोधायला दुसराच पोलीस निघतो. तोही लोकांनी नाकारला. म्हणजे वारंगा फाट्यावर आपण जे म्हणालो तेच तिकडच्या लोकांनी तीस वर्षं आधी म्हणलं होतं.

पण या दोघांमधलं खरं साम्य वेगळं आहे. सेलर्सना ‘बीइंग देअर’ नावाचा एक शांत, गंभीर सिनेमा करायचा होता. त्यासाठी ते कितीतरी वर्षं मागे लागले होते. १९७९ला तो झाला आणि त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. लोकांनी त्यांचं ते रूप मान्य केलं, आणि पुढच्याच वर्षी ते गेले.

लक्ष्मीकांतनाही तसा एक सिनेमा मिळाला. ‘एक होता विदूषक’, साल १९९२. दिग्दर्शक जब्बार पटेल. पटकथा आणि संवाद पु. ल. देशपांडे यांचे, त्यांनी कितीतरी वर्षांनी सिनेमासाठी लिहिलेले. गाणी आपल्या मराठवाड्याचे ना. धों. महानोर यांची, संगीत आनंद मोडक यांचं. गोष्ट आबुराव नावाच्या सोंगाड्याची. तमाशात वाढलेला हा माणूस लोकांना हसवत हसवत सिनेमात जातो, मोठा होतो, राजकारणातल्या मित्राच्या हातचं खेळणं होतो. सगळ्या महाराष्ट्राला हसवतो आणि स्वतःच्या मुलीला काही हसवता येत नाही. या सिनेमाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही.

गंमत अशी की त्यात मधू कांबीकर आहेत, दिलीप प्रभावळकर आहेत, पूजा पवार आहेत. म्हणजे वर्षभराने आलेल्या ‘झपाटलेला’तलीच ही मंडळी. एक सिनेमा आपण भिंतीवर चादर लावून बघत राहिलो. दुसरा किती जणांनी पूर्ण पाहिला असेल?

मी पाहिला नव्हता. हे कबूल करायलाच हा लेख लिहायला घेतला, असं म्हणा हवं तर. तो दूरदर्शनवर लागला त्या दिवशी आमच्या बैठकीत गल्लीतली वीस-पंचवीस माणसं होती. लक्ष्याचा सिनेमा म्हणून लेकरांनी पुढची जागा धरलेली. चिवडा केलेला. अर्ध्या तासात चुळबुळ सुरू झाली. हा हसवत का नाही? एकेक जण उठून गेला. मीही उठलो, आणि जाता जाता असं बोललो की याने आपलं काम सोडून नको तो उद्योग केला. बायको मात्र आवाज बारीक करून एकटी बघत बसली. दुसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली की तुम्ही सगळे उठून गेलात, सिनेमा त्यावरच होता.

तेव्हा मला ते कळलं नाही. आत्ता लिहिताना वाटतं, आपण त्या माणसाला एकाच खात्यावर व्यवहार करू दिला. हसवायचं खातं चालू, बाकी सगळी बंद. आणि ज्यांनी ती बंद केली त्यांनीच वीस वर्षांनी खिचडी खात तक्रार केली की मीठ नाही.

त्यांच्या पुढच्या वर्षांत सुख आणि दुःख दोन्ही होतं. त्यांच्या पहिल्या पत्नी रुही बेर्डे, त्याही अभिनेत्री, १९९८ला वारल्या. दुसऱ्या पत्नी प्रिया बेर्डे, त्याही मराठी पडद्यावरच्याच. मुलगा अभिनय आणि मुलगी स्वानंदी. मुलाच्या नावाने त्यांनी ‘अभिनय आर्ट्स’ ही निर्मिती संस्था काढली. मुलाचं नावच अभिनय ठेवलं, यावरून त्यांच्या मनात काय होतं ते दिसतं. पुढे मूत्रपिंडाचा आजार जडला. तरीही ते काम करत राहिले. कोठारे यांच्या ‘पछाडलेला’त ते शेवटी शेवटी दिसले, २००४ साली. त्याच वर्षी १६ डिसेंबरला मुंबईत त्यांचं निधन झालं. वयाची पन्नाशी नुकतीच पूर्ण झाली होती. मुलं अगदी लहान होती. तोच अभिनय पुढे २०१७ला ‘ती सध्या काय करते’मधून पडद्यावर आला.

तर बाळा, हे तुझं उत्तर. मुंबईचा गिरगाव, वय पन्नास, आजार मूत्रपिंडाचा. त्या दिवशी ताटावर सांगता आलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

निधनाची बातमी आली त्या दिवशी बायकोने पेपर माझ्यासमोर ठेवला आणि काही बोलली नाही. पुढे मुलाने कुठून तरी ‘एक होता विदूषक’ची सीडी आणून दिली. आम्ही दोघांनी दार लावून तो शेवटपर्यंत पाहिला. डोळे तेच होते, जे एरवी गरागरा फिरायचे. इथे ते थांबलेले होते. न हसणाऱ्या मुलीपुढे बसलेला तो बाप बघताना मला आमची अर्ध्यात रिकामी झालेली बैठक आठवली. त्यातही त्याच्यासमोर हसायला कुणी तयार नाही, आणि आमच्याकडे तर बघायलाही कुणी थांबलं नव्हतं.

आता लेकरं सांगतात की कॉम्प्युटरवर गेलेल्या नटाचा चेहरा पुन्हा बोलता-चालता करता येतो. येत असेल. उरलेले तुकडे जोडायची हौस माणसाला जुनीच आहे. पण मला वाटतं, जे त्याने जिवंतपणी करून ठेवलं आणि आपण बघितलं नाही, ते आधी बघून संपवावं.

रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात एका रात्री सिनेमा दाखवायचं समितीने ठरवलं आहे. हात वर करून मतदान झालं आणि ‘झपाटलेला’ बहुमताने मंजूर झाला. माझंही मत त्यालाच. तात्या विंचू आल्यावर मीही लेकरांबरोबर ओरडणार. माझी विनंती एवढीच, की दुसऱ्या रात्री त्याच चादरीवर ‘एक होता विदूषक’ लावावा. प्रोजेक्टरच्या दुसऱ्या रात्रीचं भाडं मी देईन, खजिनदारांनी काळजी करू नये. पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या आमच्यासाठी ठेवाव्यात. चिवडा घरून आणू. लेकरांना मध्येच कंटाळा आला तर खुशाल जाऊ द्या, त्यांचं वयच तसं आहे. मोठ्यांनी मात्र या वेळी उठू नये.